राखणदाराच्या खडकावरचं नाक

आमचा समुद्र लाल कोणी केला ते मला शोधून काढायचं होतं. कारण एकच, त्याला शिव्या द्यायच्या होत्या.

सकाळचे सात वाजले असतील. वाळवटच्या किनाऱ्यावर आम्ही चाळीसेक माणसं रापणीच्या दोराला हात घालून उभी. रापण म्हणजे अर्ध्या गावानं मिळून ओढायचं जाळं. होडी अर्धगोल फिरून जाळं टाकते, दोन टोकं वाळूवर येतात, मग सगळ्यांनी ओढायचं. जो ओढेल त्याला वाटा. त्या दिवशी बांगडा इतका जवळ आलेला की दगड मारला तर लागेल. पाणी वरून काळपट होऊन थरथरत होतं. होडी पाण्यात ढकलली आणि चाळीस फोन एकदम कोकलले.

"वाळवट, पट्टा एकशे सहा. लाल. सुरमईचे प्रजनन. सर्व प्रकारची जाळी चाळीस दिवस बंद."

मग सुलूआते म्हणाली, "सोडा दोर."

सुलूआते म्हणजे माझ्या बाबांची मोठी बहीण, रापणीची प्रमुख. आई गेल्यापासून मला जेवायला तिनंच घातलंय. ती कधी ओरडत नाही, त्यामुळे तिचा आवाज खाली आला की सगळे निमूट ऐकतात.

"अगो आते, सुरमई खय आसा हयसर?" मी ओरडले. "मी रोज पाण्यात असतंय. माका नाय दिसली ती?"

"ह्या तिसरा लाल, कस्तू," ती म्हणाली. "वर्षातला तिसरा."

सगळ्यांना अर्थ माहीत होता. एका वर्षात एकाच पट्ट्यावर तीन लाल लागले की सात देशांची समिती बसते आणि तो पट्टा कायमचा 'पाळणाघर' म्हणून जाहीर करते. मग तिथे जाळं नाही, दोर नाही, काही नाही. समिती बारा दिवसांनी बसणार होती. बारा दिवसांनी वाळवटची रापण संपणार होती आणि समोर बांगडा उड्या मारत होता.

आता ज्याच्यामुळे लाल लागतो ते नाक काय ते सांगते, कारण ते घासायचं काम माझंच आहे.

नाक म्हणजे जेवणाच्या डब्याएवढी पेटी. माशाच्या अंगावरून सारखं काहीतरी सुटत असतं, खवले, बुळबुळ, शी. त्यात त्याचा डीएनए असतो. तो एक-दोन दिवस पाण्यात टिकतो, मग विरून जातो. नाक दर तासाला लिटरभर पाणी ओढतं, गाळतं आणि इथून कोण कोण गेलं ते वाचतं. मासा दिसायची गरजच नाही. सुरमई आज आमच्याकडे, उद्या पाकिस्तानात, परवा ओमानला. तिला पासपोर्ट लागत नाही. म्हणून अरबी समुद्राच्या सात देशांनी करार केला. सगळ्यांची नाकं एकाच नकाशाला जोडली आणि नकाशा ज्याला लाल म्हणेल त्यानं गप्प बसायचं.

त्यात एक हुशारी आहे. अंडी घालायच्या वेळी नर पांढरा चीक सोडतो. त्या चिकात पेशीच्या मधल्या गाभ्यातला डीएनए भरमसाट असतो, गाभ्याबाहेरचा मात्र वाढत नाही. हे प्रमाण बिघडलं की नाकाला कळतं, इथे मासे नुसते हिंडत नाहीयेत, इथे लग्न लागलंय.

मी नववीत शाळा सोडली. सोडली म्हणजे सरांनी फळ्यावर चुकीचं लिहिलं, मी दाखवलं, ते मठ्ठ म्हणाले, मग बोलणं वाढलं. पण हे सगळं मला पेटी बसवायला आलेल्या इंजिनिअरनं एकदाच सांगितलं आणि एकदाच समजलं.

तर मी कराराच्या कार्यालयात फोन लावला, लाल चुकीचा आहे म्हणून.

"प्रपत्र नऊ भरा," साहेब म्हणाले.

"भरते. मग?"

"सातही देशांच्या सह्या होतील. साधारण एकशेवीस दिवस."

"समिती बारा दिवसांनी बसतेय."

"हो ना. म्हणून लवकर भरा."

मी त्यांना काय म्हटलं ते सांगत नाही. त्यांनी फोन ठेवला.

मग मी पाण्यात उतरले. खाडीच्या तोंडावर राखणदाराचा खडक आहे. गावाचा राखणदार तिथे बसतो आणि होड्या सांभाळतो असं सगळे मानतात. नाक त्याच खडकाला, पाण्याखाली दीड पुरुषावर बसवलंय. दर आठवड्याला मी तिथे जाते, पेटीची जाळी घासते, शेवाळ काढते आणि वर येते. आजूबाजूला कधी बघितलंच नव्हतं. डोळे तीक्ष्ण म्हणून मिरवते मी, आणि बघितलं नव्हतं.

पेटीच्या खाली हातभर अंतरावर खडकाला चीर आहे. त्या चिरेत एक आख्खी सुरमई अडकलेली. पोट फाडलेलं. खेकडे तिच्यावर जेवत होते. आणि पोटातून पांढरा चीक दुधासारखा निघून सरळ नाकाच्या तोंडात जात होता.

मला पाण्याखालीच हसू फुटलं. नाकातोंडात पाणी गेलं, मरता मरता वर आले.

आमच्याकडे होडी परत येताना दिवसाचा पहिला मासा राखणदाराचा. पोट फाडून, गाबोळीसकट, आख्खा खडकाशी सोडायचा. चांगलं ते आधी त्याला. आणि नाक तिथे का बसवलं? कारण शेजारच्या दोन गावांत बॅटरीसाठी पेट्या चोरीला गेल्या होत्या. आमच्या गावानं सभा घेतली आणि ठरवलं, पेटी राखणदाराच्या खडकाला लावा, तिथे कोणाची हात लावायची छाती होणार नाही. टाळ्या वाजल्या. इंजिनिअरनंसुद्धा वाजवल्या.

"ती सूचना माझी होती," आते म्हणाली. ती ओट्यावर जाळं विणत होती, सुई थांबली. "माका वाटला, केवढी अक्कल चालवलंय."

"पेटी काढून दुसरीकडे लावूया."

"सील असा तेका. हात लावलंस तर दहा वर्षां सगळ्यांचोच परवानो जातलो."

"मग राखणदाराचं थोडे दिवस बंद करा."

"आता बंद करून काय? लाल लागून झाले." तिनं सुई परत घातली. "आणि रोज सुरमई कोण आणता, ता माहीत असा मा तुका?"

माहीत होतं. बाकीच्यांच्या जाळ्यात पहिला मासा काहीही येतो, सवंदाळा, शिंगटी. या वर्षी रोज सुरमई आणणारी होडी एकच. माझ्या बाबांची.

लागलेला लाल पुसायचा तर एकच माणूस पुसू शकत होता. करार करणाऱ्यांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नव्हता, म्हणून त्यांनी नियम केला की प्रत्येक लालवर दुसऱ्या देशाच्या मच्छीमाराची सही लागेल. आमच्या तिन्ही लालांवर एकच नाव होतं. खमीस, मसीरा बेट, ओमान. नंबरही होता. मी लावला.

मधे फोनमधला अनुवादक होता. त्याचं मराठी असं की आठवीच्या पुस्तकातला धडा बोलतोय.

"नमस्कार. मी खमीस बोलत आहे. आपण कोण?"

"मी ती, जिचा समुद्र तू लाल केलास."

"आपण वाळवटहून बोलत आहात! मला अतिशय आनंद झाला. आपल्या सुरमईबद्दल हार्दिक अभिनंदन."

मी त्याला एक शिवी दिली. अनुवादक म्हणाला, "या शब्दाचा अनुवाद उपलब्ध नाही."

"तो शब्द मला समजला," खमीस म्हणाला. "तरुणपणी मी रत्नागिरीच्या खलाशांबरोबर काम केले आहे. आता सांगा, काय झाले?"

मी सांगितलं. खडक, राखणदार, चीर, सगळं. मग तो म्हणाला, "आमच्या बेटाचे पाणी दोन वर्षे लाल आहे. माझ्या मुलांच्या नावा वाळूवर आहेत. अरबी समुद्रात इतर तीन ठिकाणी सुरमईचे प्रजनन सिद्ध झाले की आमचे पाणी उघडते. दोन झाली. आपले वाळवट तिसरे."

"अरे पण ते खोटं आहे!"

"आपल्याला लाल नको आहे, म्हणून आपण असे म्हणता."

"आणि तुला हवंय म्हणून तू सही ठोकतोस!"

मग पुस्तकी आवाज म्हणाला, "आपण दोघेही खोटारडे असू शकतो. उद्या सकाळी मला दाखवा."

लाल फक्त किनाऱ्याच्या पट्ट्याला होता, बाहेर जाणाऱ्या होड्या चालूच होत्या. दुसऱ्या दिवशी त्या परतल्यावर लगेच मी फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून, रेंज मिळावी म्हणून पाण्याबाहेर निघेल अशी तार जोडून खाली गेले. ताजी सुरमई चिरेत होती. मी तीन वेळा श्वास घ्यायला वर आले आणि तीन वेळा खाली गेले. तिसऱ्यांदा वर आले तेव्हा कानात आवाज, "मासा वर आणा. पोट उघडून दाखवा. जवळून."

राखणदाराचा मासा मी हातात घेतला. गावात कोणी बघितलं असतं तर माझं काही खरं नव्हतं. खडकावर बसून पोट उघडलं.

"हा नर आहे," खमीस म्हणाला. या वेळी तो हळू बोलत होता. "पूर्ण पिकलेला. बोट लावले की चीक येतो. असा मासा एक-दोन दिवसांपलीकडे थांबत नाही. हा प्रवासात नव्हता. हा पोहोचलेला होता. आपण हा कुठे पकडला?"

मी फोन माशावरून बाजूला वळवला.

"आपले नाक चुकले नाही. त्याने चीक हुंगला, तो खराच आहे. फक्त जागा दुसरी आहे. मी सही मागे घेतली तर समिती विचारेल, मग चीक आला कुठून? उत्तर नसेल तर लाल तसेच राहील."

"आणि उत्तर असलं तर तुझं तिसरं ठिकाण गेलं."

"नवीन जागा तपासायला चार महिने लागतील. म्हणजे या हंगामात माझ्या नावा वाळूवरच. मी आज गप्प बसलो असतो तर माझे तिसरे ठिकाण पक्के झाले असते. मी गप्प बसलेलो नाही. आता आपण ठरवा."

मी फोन बंद केला. मला इतका राग आला की मासा खडकावर आपटावासा वाटला. तो वाईट वागला असता तर किती सोपं होतं.

कारण ती जागा मला माहीत होती. मी शाळा सोडली त्याच आठवड्यात बाबांनी मला होडीत घातलं आणि अकरा मैल बाहेर नेलं. देवळाचा कळस आणि मागच्या डोंगराची खाच एका रेषेत आणायची, मग दक्षिणेकडे बेटावरचं दीपगृह ताडाच्या झाडाइतकं दिसेपर्यंत जायचं. खाली खडकाळ उंचवटा आहे, कुठल्या नकाशात नाही. "ह्या तुझा दप्तर," बाबा म्हणाले होते. "कोणाक सांगा नको. तोंडाची तिखट असंस, पण पोटात ठेवतंस." सात वर्षं शोधून सापडलेली जागा. समुद्र तापायला लागल्यापासून सुरमईनं जुन्या जागा सोडल्या होत्या आणि या वर्षी ती नेमकी तिथे आलेली.

बाहेरच्या समुद्रात नाक नाही. तरंगती नाकं बसवायचं करारात लिहिलंय, पण पेट्या कुठल्या देशाच्या बनावटीच्या घ्यायच्या यावर सात देश चार वर्षं भांडतायत. तोपर्यंत वास फक्त किनाऱ्याचा घेतला जातो आणि लाल फक्त आम्हालाच लागतो.

बाबा धक्क्यावर इंजिन उघडून बसले होते. मी सगळं सांगितलं. ते पाना फिरवत राहिले.

"मग?"

"तुम्हीच सांगा जागा. तुम्ही सांगितली तर..."

"तर काय? माका हार घालतले?" त्यांनी पाना खाली ठेवला. "दोनशे मैलांच्या पलीकडे दिवे लावून मोठी जहाजां रात्रंदिवस ओढतत. त्यांचा नाक खय असा? सात देशांका लाल लावूक माझीच जागा गावली?"

"बाबा, रापण कायमची जाईल. चाळीस घरं आहेत."

"रापण सोडून मी बाहेर पडलंय तेव्हा ती चाळीस घरां माझ्याशी सहा महिने बोलली नाय. तुझी आतेसुद्धा."

"ते मला माहीत आहे. तुमचं म्हणणं जहाजांबद्दल खरंच आहे. पण त्या माशांना तुम्ही लग्नाच्या मांडवातून उचलून आणताय. दोन वर्षांनी तिथे काय पकडणार?"

"माका शिकवतंस?"

"हो."

असं मी म्हणायला नको होतं, पण म्हटलं.

"मी सांगणार आहे बाबा. तुमच्या पाठीमागे नाही. आत्ता, तुमच्यासमोर सांगून जाते."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "सांग. मगे माझ्या घरात येव नको."

मी आतेच्या ओट्यावर बसून खमीसला कळस, खाच आणि दीपगृह सांगितलं. अनुवादकाला खाच कळेना, ती तीन वेळा समजावली. खमीसनं विचारलं, "ही जागा कोणाची?" मी म्हटलं, "बाबांची." तो म्हणाला, "मी लिहितो."

पुढचे नऊ दिवस नुसते कागद. माशाचे फोटो पाठवा, फोटोत पट्टी ठेवून पाठवा, पट्टी सेंटिमीटरची हवी, खडकाचा दाखला पाठवा. राखणदाराचा दाखला कुठल्या कचेरीत मिळतो ते कोणी सांगेना. शेवटी आतेनं रापणीच्या शिक्क्याखाली लिहून दिलं की या खडकावर राखणदार आहे आणि तो मासे खातो. इराणच्या प्रतिनिधीनं त्यावर शंका काढली. मालदीवच्या प्रतिनिधीनं लिहिलं, आमच्याकडेही एक आहे. मग ते चाललं.

अकराव्या दिवशी खमीसची सही मागे गेली आणि वाळवट हिरवं झालं. त्याच क्षणी अकरा मैलांवर, कोऱ्या निळ्या पाण्यात एक लाल ठिपका उगवला.

दुसऱ्या दिवशी रापण पाण्यात पडली. लोक म्हणाले, सरकारला अक्कल आली. माझं नाव कोणी काढलं नाही, आणि काढलं तेव्हा असं, "बापाची जागा इकल्यान तीच मा?" आतेनं बाबांकडे बांगड्याची टोपली पाठवली. ती भरलेली परत आली. आते ती टोपली घेऊन किती तरी वेळ परसात उभी होती.

ते लोक, ते साहेब, ते सात देश, सगळ्यांवर मी रोज चिडत होते आणि तरीही जाऊन नाक घासत होते. गावानं पेटीसाठी दुसरी जागा मागितली होती. उत्तर आलं, मागणी विचाराधीन आहे.

पाचव्या दिवशी भर दुपारी बाबा आतेच्या अंगणात आले. तीन वर्षांत पहिल्यांदा. आतेनं पाण्याचा तांब्या ठेवला, त्यांनी घेतला नाही, बसलेही नाहीत.

"फोन लाव," मला म्हणाले. "त्या खमीसाक."

"कशाला?"

"लाव सांगतंय."

मी लावला. बाबांनी फोन तोंडासमोर धरला आणि सुरुवात केली. खमीसच्या सात पिढ्या, त्याचं बेट, त्याची सही करणारी बोटं. अनुवादक सारखा म्हणत होता, अनुवाद उपलब्ध नाही, अनुवाद उपलब्ध नाही. मग तिकडून खमीसनं सुरू केलं, आणि तेही उपलब्ध नव्हतं. दोघं एकाच वेळी ओरडत होते. मधेच जाळ्याच्या डोळ्याच्या, म्हणजे भोकाच्या, मापावरून जुंपली. बाबा म्हणाले, तुमच्याकडे बारीक जाळी वापरून सुरमईची पोरं तुम्हीच मारलीत. खमीस म्हणाला, हो, मारली, म्हणूनच माझ्या नावा वाळूवर आहेत, तुम्हाला ते बघायचे असेल तर या.

बाबा थांबले. खाली बसले.

"इचार त्याका," मला म्हणाले, "दोन वर्षां काय केल्यान?"

"पहिले वर्ष मी रोज सकाळी बंदरावर जाऊन भांडलो," पुस्तकी आवाज म्हणाला.

"कोणाशी?"

"जो भेटेल त्याच्याशी. दुसऱ्या वर्षी लोक मला पाहून दारे लावू लागले. तेव्हा मी सह्या करण्याचे काम मागून घेतले."

बाबांनी तांब्या उचलला, पाणी प्यायले. "माझ्या जागेची सही आता हाच करतलो?"

"हो," मी म्हटलं.

"आणि ह्याच्या पाण्याची कोण करता?"

मी खमीसला विचारलं.

"नियमाप्रमाणे भारताच्या किनाऱ्यावरील नावमालकाने करायची असते," तो म्हणाला. "ते पद चौदा महिने रिकामे आहे. कोणी अर्ज केलेला नाही. सिद्ध जागा तीन झाल्या तरी ती सही झाल्याशिवाय आमचे पाणी उघडू शकत नाही."

"चौदा महिने?" बाबा ओरडले, आता कोणावर ते मला कळेना. "आणि ह्या तू आमका आता सांगतंस?"

"आपण विचारले नव्हते."

मी त्या पदाचा अर्ज शोधून काढला. अकरा पानांचा. बाबांनी पानं सरकवत सरकवत शेवटपर्यंत बघितलं आणि एक शिवी हासडली, ती सातही देशांना सारखी वाटली गेली. मग पहिल्या पानावर परत आले आणि फोन तोंडाजवळ घेतला.

"खमीस. तुझ्या पाण्यात आता नेमका काय असा, ता सांग. हळू सांग, माझ्या चेडवाक लिहून घेवचा असा. आणि खरा सांग. खोटा बोललंस तर मी सही करूचंय नाय."